दिशा धरून नाशिक: वाइन, मुक्काम, खाणे आणि खरेदीची तीन दिवसांची सहल

नाशिकला वाइनसाठी जायचे ठरले की बहुतेक जण एकाच प्रसिद्ध वाइनरीच्या दारात उतरतात, गर्दीत दोन घोट घेतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परतीच्या वाटेला लागतात. त्यात वाईट काही नाही. पण ज्या जिल्ह्यात द्राक्षबागा चारही दिशांना पसरल्या आहेत आणि जिथे वाइनइतकेच जुने, किंबहुना तिच्याहून कितीतरी जुने कारागिरीचे बाजार आहेत, तो जिल्हा असा उरकून टाकणे मला पटत नाही. गेली अनेक वर्षे मी पाहुण्यांना घेऊन नाशिकला जातो आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो: आधी दिशा ठरवा, मग हॉटेल, आणि एका दिवसात एकच दिशा. हे एक पथ्य पाळले तर बाकीची आखणी आपोआप सोपी होते.

पहिली पायरी: महिना निवडा

द्राक्षवेलीला नाशिकमध्ये वर्षातून दोनदा कात्री लागते. एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी, आणि पाऊस ओसरल्यावर, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते ती गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर पावसाळाभर वेल नुसती वाढते, काडी तयार करते. फळ धरते ते गोडी छाटणीनंतर. युरोपात द्राक्षे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उतरवतात, आपल्याकडे मात्र काढणी जानेवारी ते मार्चमध्ये येते, ती या दुहेरी छाटणीमुळे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या या पठारावर हिवाळ्यात दिवस कोरडे व उबदार आणि रात्री चांगल्याच थंड असतात. त्या थंड रात्रींमुळे द्राक्षातला आंबटपणा टिकतो, आणि वाइनला तो आंबटपणा साखरेइतकाच लागतो.

प्रवाशासाठी याचा अर्थ सरळ आहे. वेलीवर घड बघायचे असतील तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. याच दिवसांत द्राक्षे पायाने तुडवण्याचे कार्यक्रम होतात, वाइनरीत ट्रॅक्टर येत-जात असतात आणि आंबवणाच्या टाक्यांजवळ तो गोडसर, यीस्टचा वास भरून राहिलेला असतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये घड नसतात, पण डोंगर हिरवे आणि गंगापूरचे धरण भरलेले असते. ज्याला शांत मुक्काम हवा आहे त्याने खुशाल पावसाळ्यात जावे. एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात मात्र बागेत पाहण्यासारखे फार थोडे उरते आणि ऊनही सोसत नाही. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा आहे. त्या काळात जाणार असाल तर पर्वणीच्या तारखा आधी पाहा, कारण तेव्हा रस्ते आणि खोल्या या दोन्हींचे गणित पूर्ण वेगळे असेल.

तारीख नक्की करण्यापूर्वी ड्राय डे तपासणे विसरू नका. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस सर्वांना ठाऊक असतात. ३० जानेवारी, १ मे, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि निवडणुकांचे दिवस लक्षात राहत नाहीत. जोडून आलेली सुट्टी पाहून आरक्षण करावे आणि नेमका मधला दिवस कोरडा निघावा, हे अनेकांच्या बाबतीत घडलेले मी पाहिले आहे.

दुसरी पायरी: दिशा समजून घ्या

नाशिक शहर मध्यभागी धरा. पश्चिमेला १२ ते १५ किलोमीटरवर गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, यॉर्क आणि सोमा या वाइनरी एकमेकींपासून थोड्याच अंतरावर आहेत. उत्तरेला दिंडोरी तालुका, जिथे स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन करणारी शाँदाँ आहे. नैर्ऋत्येला, मुंबईच्या वाटेवर, इगतपुरी तालुक्यातील संजेगाव-कावनई भागात व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा आहेत. पूर्वेला निफाड तालुका; तिथे कुंदेवाडीला रेव्हेलो आहे, पुढे विंचूर येते आणि त्याच रस्त्याने आपण येवल्याला, म्हणजे पैठणीच्या गावी पोहोचतो.

नकाशावर या जागा जवळ दिसतात आणि मग मंडळी सकाळी दिंडोरी, दुपारी संजेगाव, संध्याकाळी गंगापूर अशी धावपळ ठरवतात. तसे करू नये. दिवसाला दोन वाइनरी पुरे. तिसऱ्या ठिकाणी जीभ थकलेली असते आणि चव कळेनाशी होते, त्यामुळे तिथला खर्च वाया जातो.

मुंबईहून येणाऱ्यांना रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर पडतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळून येता येते. रेल्वेने पंचवटी एक्सप्रेस आहे, शिर्डीला जाणारी वंदे भारतही नाशिक रोडला थांबते. मात्र नाशिक रोड स्थानक शहरापासून दूर आहे आणि गंगापूर शहराच्याही पलीकडे, हे ध्यानात ठेवून पुढच्या गाडीची सोय आधीच करावी. पुण्याहून अंतर सुमारे २१० किलोमीटर. त्या वाटेवर सिन्नर लागते. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर आणि दख्खनच्या बेसाल्टमध्ये सापडणाऱ्या झिओलाइट स्फटिकांचे गारगोटी संग्रहालय या दोन्हींसाठी दोन-अडीच तास काढणे सार्थकी लागते.

तिसरी पायरी: मुक्काम

वाइनच्या सहलीत मुक्काम वाइनरीजवळच असावा, असे माझे ठाम मत आहे. याचे पहिले कारण सुरक्षिततेचे आहे. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असेल तर गाडी चालवणे हा गुन्हा आहे आणि नीट चव घेत बसलेला माणूस ही मर्यादा सहज ओलांडू शकतो. संध्याकाळनंतर गंगापूरच्या बाजूला रिक्षा किंवा ॲपवरची टॅक्सी हमखास मिळेल, असे गृहीत धरू नये. दुसरे कारण असे की द्राक्षबाग सर्वांत सुंदर दिसते ती सकाळी सातच्या सुमारास, जेव्हा दिवसाचे पाहुणे अजून आलेले नसतात.

वाइनरीच्या आवारातच राहायचे असेल तर 'द सोर्स ॲट सुला' आहे. टस्कनी शैलीतील इमारती, झाडांवर बांधलेल्या खोल्या आणि टेस्टिंग रूम चालत जाण्याच्या अंतरावर. जागा देखणी आहे, पण शनिवार-रविवारी आवारात दिवसभर वर्दळ असते. ज्यांना थोडे अलिप्त राहायचे आहे त्यांच्यासाठी सुलाचेच 'बियॉन्ड' धरणाच्या बाजूला आहे. मोठ्या कुटुंबाने, विशेषतः लहान मुले बरोबर असतील तर, सोमा वाइन व्हिलेजचा विचार करावा. आणि दोघांनाच, पुस्तक घेऊन, कोणाशी न बोलता दोन दिवस घालवायचे असतील तर संजेगावच्या बाजूचे व्हॅलोने. खोल्या मोजक्याच, समोर बाग आणि पलीकडे मुकणे धरणाचे पाणी. तिथे आयत्या वेळी खोली मिळण्याची आशा धरू नका.

शक्य असेल तर सोमवार ते गुरुवार जा. खोलीचा दर उतरतो हे खरेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाइन ओतणाऱ्या माणसाला तुमच्याशी बोलायला वेळ असतो आणि या सहलीतली निम्मी गंमत त्या बोलण्यात आहे.

पहिला दिवस: येता येता संजेगाव, संध्याकाळी गंगापूर

मुंबईहून सकाळी लवकर निघालात तर घोटीपाशी महामार्ग सोडून संजेगावकडे वळा; ते येण्याच्या वाटेवरच असल्याने एका दिवसात एकच दिशा या पथ्याला एवढा अपवाद चालतो. दुपारचे जेवण आणि पहिली वाइनरी या भागात करावी. नंतर सरळ गंगापूरला मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचा, सामान टाका, तासभर विश्रांती घ्या आणि सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधी यॉर्कला जा. यॉर्कच्या गच्चीवरून धरणाचे पाणी आणि मागचे डोंगर दिसतात. हिवाळ्यात सूर्य कलला की पाण्यावर तांबूस पट्टा उमटतो आणि दहा-पंधरा मिनिटांत विझतो. त्या वेळी टेबल हवे असेल तर आधी फोन करावा.

थोडा इतिहास ठाऊक असला की समोर दिसणाऱ्या गोष्टींना अर्थ येतो. नाशिक हा खाण्याच्या द्राक्षांचा जिल्हा. थॉमसन सीडलेस आणि सोनाका ही नावे इथल्या बागायतदारांच्या तोंडी. सुलाचे संस्थापक राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गंगापूरजवळ वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. शेनाँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या त्यातल्या पांढऱ्या वाइनच्या दोन मुख्य जाती. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत एकामागून एक वाइनरी उभ्या राहिल्या. सुलाने २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली, तेव्हा वाइनरीत जाऊन वाइन चाखण्याची कल्पनाच आपल्याकडे नवी होती. पुढे २०२१ मध्ये यॉर्कही सुलाच्या मालकीची झाली.

वाइन चाखायची कशी

हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण पहिल्यांदा जाणारा माणूस नेमका इथेच बुजतो आणि सगळ्याला मान डोलावून परत येतो.

टेस्टिंगमध्ये साधारणपणे पाच-सहा वाइन थोड्या थोड्या ओततात. प्रत्येकी ३० मिलिलिटर धरले तरी पाच वाइनचे १५० मिलिलिटर होतात, म्हणजे एक पूर्ण ग्लास. म्हणून रिकाम्या पोटी बसू नये, आणि शेजारी ठेवलेल्या भांड्यात उरलेली वाइन ओतून देण्यात कसलाही संकोच बाळगू नये. ते भांडे त्यासाठीच असते. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, तेव्हा तरुण मंडळींनी ओळखपत्र जवळ ठेवावे. त्या दिवशी उग्र अत्तर लावू नये. आपल्याबरोबरच शेजाऱ्याचाही वास बिघडतो.

ग्लास नेहमी दांडीला धरा, नाहीतर हाताच्या उबेने वाइन तापते. पांढऱ्या कागदासमोर रंग पाहा. मग न हलवता एकदा वास घ्या, नंतर ग्लास टेबलावरच ठेवून हलकेच गोल फिरवा आणि पुन्हा वास घ्या. दुसऱ्या वेळी काहीतरी नवीन सापडतेच. माहितीपत्रकात लिहिलेली परदेशी फळे शोधत बसू नका. आपल्या स्वयंपाकघरातले वास आठवा. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये मला हमखास नुकतीच चिरलेली हिरवी ढोबळी मिरची आणि कापलेले गवत सापडते. शेनाँमध्ये पिकत आलेला पेरू. शिराझ या तांबड्या वाइनमध्ये जांभूळ आणि त्यामागे भरडलेली काळी मिरी.

मग घोट घ्या, पण लगेच गिळू नका. तोंडात फिरवा. जिभेच्या कडांना पाणी सुटले तर तो आंबटपणा. हिरड्या आणि गालांची आतली बाजू आखडल्यासारखी झाली, कच्चे जांभूळ किंवा सुपारी चावल्यासारखी, तर तो तुरटपणा. तांबड्या वाइनमध्ये तो सालीतून आणि बियांतून येतो. घशात ऊब जाणवली तर ते अल्कोहोल. शेवटी, गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते मनात मोजा. चांगली वाइन लगेच निरोप घेत नाही. क्रमही महत्त्वाचा आहे: स्पार्कलिंग, मग पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी, तांबडी आणि अखेरीस गोड. हा क्रम उलटा केला तर नाजूक वाइन पाण्यासारखी लागते.

ओतणाऱ्याला तीन प्रश्न जरूर विचारा: द्राक्षे कुठल्या बागेतली, लाकडी पिंपात ठेवली होती का, आणि ही आता प्यायची की दोन वर्षांनी? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर तुमची खरेदी ठरवा.

दुसरा दिवस: सकाळ मिसळीची, दुपार भांडी बाजाराची

नाशिकमध्ये सकाळ मिसळीने सुरू होते, आणि रविवारी तर अख्खे शहर सहकुटुंब मिसळ खायला बाहेर पडलेले असते. साधना मिसळ चुलीवरच्या रश्श्यासाठी प्रसिद्ध आहे आणि गंगापूरच्या बाजूला राहणाऱ्यांना सोयीची. इथला रस्सा काळ्या मसाल्याचा. मटकीवर फरसाण, शेजारी पापड, दही, कांदा, लिंबू आणि पाव. रस्सा आधी चमच्याने चाखावा आणि मगच मिसळीवर घ्यावा, कारण तिखटाचा अंदाज रंगावरून येत नाही. सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत पोहोचावे.

तिथून गावात या. गोदाकाठच्या जुन्या नाशकात सराफ बाजाराला लागून भांडी बाजार आहे आणि माझ्या मते नाशिकची खरी खरेदी हीच. तांबे-पितळेचे हंडे, घंगाळी, समया, ताम्हने, पातेली. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना पिवळा-तांबूस उजेड असतो. भांडी वजनावर विकली जातात, तेव्हा त्या दिवसाचा किलोचा भाव आधी विचारा आणि वजन समोर करून घ्या. हाताने मठारलेल्या भांड्यावरचे ठोके बारकाईने पाहिले तर एकसारखे नसतात. यंत्रावरचे सगळे ठसे एका मापाचे दिसतात. बुडावर जोड आहे का ते उलटे करून पाहा. पाण्याच्या तांब्याला कल्हई लागत नाही, पण ज्या पातेल्यात आमटी-भाजी शिजणार आहे त्याला कल्हई हवीच, आणि ती जागेवर करून मिळते का हे किंमत ठरवतानाच विचारावे. बाजारात गाडी नेण्याचा हट्ट धरू नका. ती लांब उभी करून चालत जा. परतताना कोंडाजींचा चिवडा आणि हंगाम असेल तर बेदाणे घ्यावेत.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील आणि त्यांना वाइनमध्ये रस नसेल, तर ही सकाळ त्यांना त्र्यंबकेश्वरसाठी द्यावी. अंतर सुमारे ३० किलोमीटर.

दुपारी विश्रांती. संध्याकाळी सुलाची टूर किंवा, आधी फोनवर खात्री करून, दिंडोरीची शाँदाँ. स्पार्कलिंग वाइनमधले बुडबुडे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण केल्याने कसे तयार होतात हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने दिंडोरी निवडावी.

रात्रीच्या जेवणाबरोबर काय प्यावे, यावर एकच सांगतो. आपले तिखट जेवण आणि तुरट तांबडी वाइन यांचे जमत नाही. तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोलची आग दोन्ही वाढतात. मसालेदार ताटाबरोबर किंचित गोडसर शेनाँ किंवा रीसलिंग ही पांढरी वाइन घ्या. कांदाभजी, साबुदाणा वडा अशा तळणीबरोबर स्पार्कलिंग वाइन फार सुरेख लागते, कारण तिचा आंबटपणा तेलाचा थर कापतो. शिराझ ठेवावी मटणाच्या सुक्यासाठी किंवा चुलीवरच्या भरितासाठी, तेही मिरची बेताची असेल तर.

तिसरा दिवस: पूर्वेला, येवल्यापर्यंत

निफाडच्या रस्त्याला लागा. कुंदेवाडीच्या रेव्हेलोने ग्रिलो आणि नेरो दाव्होला या मूळच्या सिसिलीतल्या द्राक्षांची वाइन नाशिकच्या मातीत केली आहे, आणि पश्चिमेच्या गजबजाटानंतर हा भाग निवांत वाटतो. भेटीची वेळ फोनवर ठरवूनच जावे. तिथून विंचूरमार्गे येवला. नाशिकपासून एकूण ८० किलोमीटरच्या आसपास.

येवल्यात दुकानाआधी माग पाहा. अनेक विणकरांच्या घरातच माग असतो आणि विचारून आत गेलात तर दाखवतात. मी एकदा पदरावरचा बांगडी मोर विणताना तासभर पाहिला. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी, ताण्यातले धागे बोटाने मोजून उचलायचे, कांडी पलीकडे काढायची, पुन्हा मोजायचे. तासाभरात मोराची मान काही बोटभर सरकली नव्हती. त्यानंतर किमतीवर घासाघीस करण्याची इच्छा राहत नाही.

हातमागाची पैठणी ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पदराची आणि काठाची उलट बाजू. हाताने विणलेल्या नक्षीत मागची बाजू पुढच्या इतकीच स्वच्छ असते. यंत्रमागावरच्या साडीत मागे धागे लोंबतात, कापलेले असतात किंवा त्यावर जाळी लावलेली असते. 'सेमी पैठणी' हा वेगळा प्रकार आहे. तो घेण्यात काही गैर नाही, पण त्याला पैठणीचा भाव देऊ नये. रेशमासाठी सिल्क मार्कचे लेबल पाहा, जरीचा धागा कोणत्या प्रकारचा आहे ते बिलावर लिहून घ्या, आणि साडी उजेडात पूर्ण उलगडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. काठ मुनिया (पोपटांचा) की नारळी, नक्षी असावली (फुलवेलीची) की मोराची, हे घरून ठरवून जाण्यापेक्षा तिथे खांद्यावर टाकून ठरवावे. हातमागाच्या साध्या पैठणीची किंमत काही हजारांपासून सुरू होते आणि भरजरी पदराला ती लाखापलीकडे जाते.

वाइन घरी आणताना

वाइनरीतून घेताना शहरातल्या दुकानात न मिळणाऱ्या वाइन मागा. पांढरी आणि रोझे घेताना बाटलीवरचे वर्ष पाहा आणि ताज्यातली ताजी घ्या. त्यातल्या बहुतेक वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात. फिरकीचे झाकण म्हणजे हलकी वाइन, हा समज सोडून द्या. बिल जपून ठेवा. सापुतारामार्गे परतणार असाल तर लक्षात असू द्या की गुजरातेत दारूबंदी आहे. त्या वाटेने बाटल्या नेऊ नयेत. विमानाने जाणाऱ्यांनी त्या चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात.

एका एप्रिलमध्ये मी तीन बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून येवल्याच्या बाजारात चार तास घालवले. घरी उघडल्यावर पांढऱ्या वाइनला शिजवलेल्या सफरचंदाचा वास येत होता आणि बुचे वर सरकली होती. तेव्हापासून गाडीत बर्फाचा डबा आणि जुनी गोधडी असते. उन्हाळ्यात वाइनची खरेदी सहलीच्या अगदी शेवटी करावी, किंवा बाटल्या मुक्कामाच्या खोलीतच ठेवून परतताना उचलाव्यात.

घरी आल्यावर बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवा, फिरकीच्या उभ्या राहिल्या तरी चालतात. दोन्ही स्वयंपाकघरातल्या उष्णतेपासून लांब. प्रवासाने वाइन ढवळली जाते, म्हणून आठवडाभर तिला हात लावू नका. पांढरी ८ ते १२ अंशांवर आणि तांबडी १६ ते १८ अंशांवर प्यावी. आपल्या घरातले तापमान याहून कितीतरी जास्त असते, तेव्हा तांबडी बाटलीही उघडण्यापूर्वी वीस-पंचवीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, स्पार्कलिंग मात्र त्याच दिवशी संपवावी.